एकोणिसाव्या पानावरचा अंगठा

संध्याकाळचे सात वाजले की गल्लीच्या टोकाच्या विहारातून आधी माइकची खरखर येते, मग कुणीतरी त्यावर दोन टिचक्या मारतं, "हॅलो, हॅलो" म्हणतं आणि वंदना सुरू होते. वर्षावास पुन्हा लागला. आषाढातल्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाची काही पानं एकाने मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची, शेवटी "साधु, साधु, साधु" म्हणायचं आणि आपापली छत्री शोधत घरी जायचं. आमच्या वस्तीत या दिवसांना वेगळा ऋतूच मानतात. पावसाचं काय, तो येतो-जातो. वर्षावास मात्र रोज सातला असतो.

या वर्षी मी गेलेले नाही. वाचनाचे नंबर लावणाऱ्या सुमनताई पहिल्याच आठवड्यात वही घेऊन दारात आल्या होत्या.

"सुजाता, आप्पांचा गुरुवार तुला देऊ?"

"एवढ्यात नको, ताई."

"मग कधी? वाचायची ढब तर अगदी त्यांचीच आहे तुझी."

"माझी कुठे? ते तर ओरडायचे."

"तेच तर. मागे बसलेल्या बाईची झोपायची सोय नव्हती." त्या हसल्या, मग माझ्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं. "बरं. रिकामा ठेवते गुरुवार. कुणी मागितला तर सांगेन, दिलाय म्हणून."

आप्पा म्हणजे माझे वडील. गेल्या आश्विनात गेले, पौर्णिमेला चार दिवस असताना. घरात आम्ही दोघंच होतो. आई मी शिकत असतानाच गेली. आता वंदना सुरू झाली की मी दार लोटून घेते, खिडकी उघडी ठेवते आणि आप्पांचं बुटाचं खोकं पुढ्यात घेऊन बसते. वाचन ऐकू येतं, वाचणारा दिसत नाही. सध्या एवढं अंतर मला बरं वाटतं.

खोक्यात कार्डं आहेत. मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या ग्रंथालयाची सूची संगणकावर गेली तेव्हा जुनी कार्डं रद्दीत निघाली. पुस्तकाचं नाव, लेखक, क्रमांक आणि खाली सळई ओवायचं भोक असलेली ती जाड कार्डं निम्मीअधिक माझ्याच हाताने लिहिलेली होती. टाकवेनात. चार गठ्ठे घरी घेऊन आले. त्यांची मागची बाजू कोरी होती, आणि कोरा कागद वाया गेलेला आप्पांना कधी बघवत नसे.

आप्पा लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारे. उभा जन्म खटखटाटात गेल्यामुळे कानांनी अर्धं काम सोडलं होतं आणि बोलणं कायम मागाच्या आवाजाच्या वरच्या पट्टीत. वाचनाचं वेड मात्र पहिल्यापासून. सातवीपर्यंत शाळा, पण वर्षावासातला गुरुवार त्यांनी कधी चुकवला नाही. मग मोतीबिंदू झाला. ऑपरेशननंतरही बारीक टाइप त्यांना जमेना. माझा जुना मोबाइल मी त्यांना दिला तो फोन करण्यासाठी. एका दुपारी त्यांनी काचेवर दोन बोटं ठेवून फाकवली आणि अक्षर फुगून करंगळीएवढं झालेलं बघून घर डोक्यावर घेतलं.

"सुजा! अगं इकडे ये! पुस्तकाला हे जमतं का?"

गेल्या वर्षीचा वर्षावास म्हटला की मला पाऊस आठवत नाही, संकेतस्थळं आठवतात. आप्पा दुपारभर खिडकीशी बसून शोधायचे. साइट उघडायला वेळ लागला की मोबाइलला लूमवरच्या हिंदीत दम द्यायचे, "अबे चल ना, सो गया क्या?" काही आवडलं की माझी वाट बघायचे. मी कॉलेजातून आले, चपला काढल्या, की हातात पाण्याचा तांब्या आणि डोळ्यांसमोर मोबाइल, दोन्ही एकदम. आणि विसरायला नको म्हणून प्रत्येक संकेतस्थळाचं एक कार्ड. वर पत्ता, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर सुटं. कोपऱ्यात खूण: फोटोंची साइट असेल तर 'फ', पुस्तकांची असेल तर 'पु'. दोन्ही असेल तर 'फ-पु', आणि त्याभोवती गोल. खाली शेरा. शेरा लिहिण्याची सवय त्यांना बिघडलेल्या मागांवर लावायच्या पाट्या लिहिताना लागली असावी. "जाहिराती फार." "फोटो सुंदर, माणूस आढ्यतेखोर." "आवाज करते, बंद करावी." "सावकाश बघण्यासारखी."

एका 'फ-पु' कार्डावर लिहिलंय, "जुन्या पुस्तकांत सापडलेल्या वस्तू. वेळ जातो." कुठल्या तरी थंड देशातला जुनी पुस्तकं विकणारा एक माणूस पानांमध्ये विसरून राहिलेल्या चिजांचे फोटो काढून ठेवतो. बसचं तिकीट, केसांची पिन, अर्धवट लिहिलेलं पत्र, डॉक्टरची चिठ्ठी. आप्पांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला विचारलं, "तुझी मुलं काय ठेवतात पुस्तकांत?" मी आठवायला लागले, मग दुसऱ्या दिवशी परत आलेली पुस्तकं झटकूनच बघितली. आमच्या मुलांच्या पुस्तकांत खुणेला बहुतेक दोराच असतो. घरात लूम, नाहीतर शेजारी लूम, दोरा हाताशी. लाल, राणी, पिवळा, चंदेरी. मूठभर दोरे मी घरी आणले. आप्पांनी एकेक चिमटीत धरून उजेडात बघितला. "हा पॉलिस्टर. हा सुती, चांगला आहे, पुस्तक पण चांगलं असणार." मग पांढऱ्या चादरीवर ते ओळीने मांडून आम्ही फोटो काढला आणि त्या माणसाला पाठवला. त्याने लावला. खाली इंग्रजीत एवढंच लिहिलं, की हे एका कापडाच्या गावाहून आलं. आप्पांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

दुसऱ्या कार्डावर, "वाचणारी माणसं. रोज एक फोटो. कापड बघण्यासारखं." जगभर लोक वाचत असताना चोरून टिपलेले फोटो तिथे आहेत. होडीत वाचणारा, शिडीवर बसून वाचणारा, गिऱ्हाईक नसताना वाचणारा खाटीक. मी पुस्तकांची नावं शोधायची. आप्पा कपडे बघायचे.

"ही बाई कुठलं पुस्तक वाचत असेल हो?"

"ते नाही दिसत. तिचा स्कर्ट बघ. डावीकडे ताण्याचा धागा तुटलाय, आणि कुणी जोडला नाही."

"आप्पा, ती परदेशातली बाई आहे."

"मग? तिकडे धागे तुटत नाहीत?"

आणि एक खिडकीची साइट. एका माणसाने आपल्या खिडकीतून रोज एकाच वेळी एकच फोटो काढलेला: समोरचं झाड, भिंत, कधी उभी असलेली सायकल. आप्पांचा शेरा: "का करतो, कळत नाही. उद्या बघावीशी वाटते."

आता रोज सातला मी एक कार्ड काढते आणि तो पत्ता टाइप करते. काही साइट उघडतात. वाचणारी माणसं अजून वाचतायत. खिडकी मात्र मिटली. त्या पत्त्यावर आता 'हा पत्ता विकणे आहे' एवढंच येतं. कार्डावर मी पेन्सिलने 'उघडत नाही' असं लिहिलं. ग्रंथालयात पुस्तक सापडलं नाही की आम्ही 'गहाळ' लिहितो. तो शब्द मला लिहवला नाही. त्या माणसाला काय झालं असेल, की त्याला फक्त कंटाळा आला असेल, हे विचारायचं कुणाला? संकेतस्थळाला दार असतं, शेजारी नसतो.

या श्रावणात मला माझी मला एक साइट सापडली. वाचकांनी पुस्तकांच्या समासात लिहिलेल्या टिपा, रेघा, उद्गारचिन्हं यांचे फोटो तिथे आहेत. एकाने पानभर मजकुरावर फुली मारून बाजूला 'खोटं' लिहिलंय. दुसऱ्याने, वेगळ्या शाईत, त्याखाली 'तू खोटा' लिहिलंय. मी मोठ्याने हसले. हसून झाल्यावर मान उजवीकडे वळली, खिडकीकडे. तिथे खुर्ची होती. मी नवं कार्ड घेतलं, पत्ता लिहिला, कोपऱ्यात 'फ-पु' लिहून गोल काढला. शेऱ्याची जागा कोरीच राहिली. छान गोष्ट सापडते तेव्हा तिच्याबरोबर एक हाक पण तयार होते. ती हाक घेऊन मी बसून राहिले. बाहेर पन्हळीचं पाणी बादलीत पडत होतं आणि विहारात कुणीतरी अडखळत वाचत होतं.

त्याच आठवड्यात तो निरोप आला.

आप्पांच्या सगळ्यात लाडक्या साइटकडून होता. तिथे लोक जुन्या मराठी पुस्तकांच्या पानापानाचे फोटो पाठवतात, दुसरे लोक ते तपासतात आणि मग पुस्तक कुणालाही वाचायला खुलं होतं. पगारी माणूस एकही नाही. गेल्या भाद्रपदात आम्ही विहाराच्या कपाटातलं एक चोपडं तिथे पाठवलं होतं. पडघ्याच्या पलीकडच्या एका पाड्यात रात्रशाळा चालवणारे एक मास्तर होते, त्यांनी लिहिलेली गाणी. तेवढंच एक पुस्तक त्यांनी छापलं. बत्तीस पानं, पिवळी पडलेली, दोरा भरून शिवलेली. आप्पा तरुणपणी त्यातली गाणी म्हणायचे. "हे जगात गेलं पाहिजे," ते म्हणाले होते. पाठवून झालं, आप्पा गेले, आणि मी ते विसरले.

निरोप मीनल नावाच्या एका स्वयंसेविकेचा होता. "आपण पाठवलेले पुस्तक तपासले. पान १९ वर बोट आले आहे, एका ओळीतले शेवटचे दोन शब्द दिसत नाहीत. पुन्हा फोटो पाठवाल का? तोपर्यंत पुस्तक 'अपूर्ण' यादीत राहील. वर्षभर अपूर्ण राहिलेली पुस्तके काढून टाकावी लागतात, त्यामुळे महिनाभरात पाठवलेत तर बरे." खाली पानाचा फोटो होता.

मी दोन बोटं काचेवर ठेवून फाकवली. आप्पांचा अंगठा. मागावरच्या धोट्याच्या माराने मधोमध चिरलेलं आणि तसंच जुळून आलेलं नख. कातडीच्या भेगांत काळं तेल. निवृत्तीनंतर इतकी वर्षं साबण लावूनही न गेलेलं. घरात त्यांचे फोटो आहेत, भिंतीवर एक मोठाही आहे. पण त्या सगळ्यांत ते फोटो काढून घेणारे आप्पा आहेत. इथे ते काम करत होते.

आणि मग मला ती दुपार आठवली. रविवार होता. खिडकीखाली पाट, पाटावर काळं कापड, त्यावर चोपडं. आप्पा दोन्ही बाजूंनी पान दाबून धरत होते, मी वरून फोटो काढत होते. ते धरता धरता वाचत होते. वाचताना थांबावं लागलं की त्यांचा अंगठा आपोआप त्या शब्दावर जायचा. विहारात ग्रंथ वाचतानाही तसंच. कुणी मध्ये शंका विचारली की अंगठा ओळीवर ठेवून मान वर करायचे. एकोणिसाव्या पानाशी ते म्हणाले, "थांब जरा, सुजा. हे बघ..." माझं बोट बटणावर पडलेलंच होतं. आभाळ भरून येत होतं. मी म्हटलं, "आप्पा, उजेड जाईल. अजून तेरा पानं आहेत." त्यांनी अंगठा उचलला आणि पान उलटलं. मी फोटो नीट आला का तेही बघितलं नाही.

काय बघ? ते त्यांनी नंतर सांगितलं नाही, मी नंतर विचारलं नाही. महिन्याभराने विचारायची सोयच उरली नाही.

गाण्यातल्या दिसत होत्या त्या ओळी, भाताची लावणी आटोपल्यावरच्या, अशा होत्या:

आवणी सरली, हात धुतले, पाटी घेतली मांडीवर
पहिलंवहिलं नाव मी माझं लिहीन

आणि पुढे अंगठा. मला वाटायला लागलं, आप्पा जे सांगणार होते ते त्याच्याखाली आहे.

दुसऱ्या दिवशी मी विहारात गेले, वाचनाला नव्हे, कपाटाकडे. सुमनताईंनी कुलूप काढलं आणि आधीच "काय सांगू बाई" म्हणाल्या. मागच्या भिंतीतून ओल आली होती. खालच्या फळीवरच्या पुस्तकांचा लगदा होऊन फळीला चिकटला होता. ते चोपडं त्यातच कुठेतरी होतं. ग्रंथपाल असून मी ते सांभाळायला घरी आणलं नव्हतं; परत ठेवून आले होते, नियमाप्रमाणे.

"मास्तरांची बहीण आहे अजून," सुमनताई म्हणाल्या. "हिराबाई. पाड्यातच राहते. तिच्याकडे असेल. पण जपून बोल हं, म्हातारी फटकळ आहे."

रविवारी मी एस.टी.ने पडघ्याला उतरले आणि पुढे टमटममध्ये बसले. हायवेच्या दोन्ही अंगांना गोदामांची निळी पत्र्याची छपरं, त्यांच्या मधल्या फटींतून हिरवंगार भात. टमटमवाल्याने पाड्याच्या तोंडाशी सोडलं. शेवटच्या घरामागे थेट गोदामाची भिंत उभी होती. ओसरीवर एक ठेंगणी म्हातारी तांदूळ पाखडत बसली होती.

"हिराआजी?"

"मीच. गोदामवाल्यांकडची असशील तर मागं फिर. जागा द्यायची न्हाय."

"नाही आजी. मी भिवंडीहून आले. तुमच्या भावाच्या पुस्तकासाठी."

सूप थांबलं. "बस," ती म्हणाली. "जयभीम घाल आन बस."

पुस्तक होतं. पत्र्याच्या पेटीत, मेणकापडात गुंडाळलेलं. बारशाला आणि लग्नाला तेवढं बाहेर निघतं. मी एका पानासाठी मागितलं तर तिने ते छातीशी धरलं. "न्यायचं न्हाय. काय करायचं ते हितं कर, माज्या डोल्यासमोर."

मी फरशीवर ओढणी पसरली. हिराआजीने एकोणिसावं पान काढलं आणि अख्खा पंजा त्यावर ठेवला, हिरव्या बांगड्यांसकट.

"आजी, हात जरा बाजूला."

"आगं, पान उडंल ना!"

"कडेला धरा फक्त."

"असं?" बांगड्या आता दुसऱ्या ओळीवर. चौथ्या फोटोला पान मोकळं सापडलं. तोवर मी मुद्दाम ओळ वाचली नव्हती. आता वाचली.

पहिलंवहिलं नाव मी माझं लिहीन भाताच्या कणगीवर

मी परत वाचली. भाताच्या कणगीवर. एवढंच.

"कणगीवर नाव कोण लिहितं, आजी?"

"आमी ल्हिलं व्हतं. कनगी शेनानं लिपायची ना, ओली आसताना बोटानं ल्हायचं. वालली का पक्कं. मास्तरनं रातच्याला शिकवलं, आन सकाळी बगतो तर समद्या पाड्याच्या कनग्यांवर नावं. बाया नवऱ्यांना सांगत व्हत्या, ही माजी हाय, विचारल्याबिगर हात घालायचा न्हाय." ती तोंडाला पदर लावून हसली. "त्याच्या आदी आमी समद्या आंगठं लावनाऱ्या."

आप्पांच्या आईची कणगी होती का, तिला नाव लिहिता येत होतं का, मला ठाऊक नाही. ते हेच सांगणार होते का? की बांबूचं विणकाम कसं असतं ते? की नुसतंच, "बघ किती छान लिहिलंय"? दोन शब्द माझ्यासमोर उघडे होते आणि त्यांत आप्पा नव्हते. अंगठ्याखाली काहीतरी आहे असं समजून मी एवढ्या लांब आले होते. अंगठ्याखाली गाणं होतं. जे सांगायचं होतं ते त्यांच्याजवळ होतं, आणि त्यांना मी सांगितलं होतं की उजेड जाईल.

हिराआजी माझ्याकडे बघत होती. "मग पयल्या फोटूत काय झालं व्हतं?"

मी मोबाइल पुढे केला. तिने तो डोळ्यांशी नेला.

"कोनाचा हात ह्यो?"

"माझ्या वडिलांचा. गेले ते."

"मागावरचा मानूस दिसतो."

"हो."

"आन त्याच गान्यावर आंगठा ठिवून गेला!" तिला हसू आवरेना, आणि मलाही फुटलं. मग ती म्हणाली, "पन लोकांनी गानं वाचायचं का ह्याचा आंगठा बगायचा? बदलून टाक. फोटू तुज्यापाशी ऱ्हाईल ना?"

"राहील."

"मंग झालं. आन बदललंस का मना फोन कर. न्हाय तर गानं जगात गेलं का न्हाय, मना कसं कलंल?" तिने कनवटीचा छोटा बटणांचा मोबाइल काढून दाखवला.

बदलणं दोन मिनिटांचं काम होतं. मी चार दिवस लावले. फोटो माझ्यापाशी राहील हे खरं; तसा तो मी उतरवूनही घेतला होता. पण पाठवायच्या बटणावर बोट नेलं की वाटायचं, जगाच्या एका फळीवर, अनोळखी माणसांच्या रस्त्यात, आप्पा अजून पान धरून उभे आहेत आणि मी त्यांना म्हणतेय, व्हा बाजूला. मीनलला मी लिहिलं, की अंगठा माझ्या वडिलांचा आहे, दोन्ही फोटो ठेवता येतील का. तिचं उत्तर लगेच आलं. "ताई, माझे हात बांधलेत हो. एका पानाला एकच चित्र बसतं. पण तुम्ही सांगाल तोपर्यंत थांबते. मुदतीचं मी बघते."

गुरुवारी सातला मी त्या साइटचं कार्ड काढलं. आधी कधी त्याचा शेरा नीट वाचला नव्हता; पत्ता पाठच होता. गोलातलं 'फ-पु', आणि खाली आप्पांचं टपोरं अक्षर: "सर्वांत उत्तम. मात्र बोटं फार येतात. वाचणाऱ्याला त्रास. पाठवणाऱ्यांना कुणी सांगत कसं नाही?"

विहारात कुणीतरी आप्पांच्या गुरुवारची पानं बदली म्हणून वाचत होतं. मी नवा फोटो चढवला. खाली चौकट आली, 'जुने चित्र काढून टाकायचे?' मी 'हो' दाबलं. पान एकदा कोरं झालं, मग ओळी दिसल्या, वरपासून खालपर्यंत, सगळ्या. कुठेच कुणी नव्हतं. मी ते गाणं पहिल्यांदाच पूर्ण वाचलं.

दुसऱ्या दिवशी मीनलचा निरोप आला, पुस्तक खुलं झालं म्हणून. मधल्या सुट्टीत वाचनकक्षात कुणी नव्हतं. मी हिराआजीला फोन लावला.

"गेलं का जगात?" ती ओरडली.

"गेलं, आजी."

"वाच बगू."

"तुम्हाला तर पाठ आहे."

"मना पाठ हाय. पन जगात काय ल्हिलंय ते आयकू दे ना."

मी संगणकावर पान उघडलं आणि वाचायला लागले. सुरुवातीला हळू, मग ती "आं? आं?" करायला लागली तशी मोठ्याने. रिकाम्या खोलीत माझा आवाज घुमला. चौथ्या ओळीशी पलीकडे काहीतरी धडपडलं. "आगं बाय, शेल्या शिरल्या भातात! आले, आले..." आणि तिने फोन बहुधा ओसरीवरच टाकला. बंद केला नाही.

मला पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. गोदामाशी कुठलासा कंटेनर मागे घेताना वाजणारी टीं टीं. लांबून, चिखलातून, हिराआजीचं "हुर्र, हुर्र" आणि शेळ्यांना दिलेल्या शिव्या. घंटा झाली. दोन मुली पुस्तकं परत करायला काउंटरशी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना हातानेच बसा म्हणून खूण केली. त्या बसल्या, एकमेकींकडे बघत. हुर्र लांब गेलं, मग आणखी लांब. मी खुर्ची ओढली, कोपर टेबलावर टेकवलं आणि फोन कानाशी नीट धरला.